मिशनच्या शाळेतील इतिहासाचा तास

नाताळ जवळ आला की नांदेड-लातूरकडील ख्रिस्ती वस्त्यांतून कागदी चांदण्या टांगल्या जातात, घरोघर करंज्या नि चकल्या तळल्या जातात, आणि रात्रीच्या थंडीत गायन मंडळी पेटी-ढोलकी घेऊन दारोदार फिरते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फराळाचे ताट जाते. दिवाळीत आलेल्या ताटाची ती परतफेड असते. ह्या दिवसांत वर्तमानपत्रांची पाने प्रेम, शांती आणि क्षमा ह्या शब्दांनी भरून जातात, व ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र आज ह्या पानावर एका काहीशा रुक्ष विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. तो विषय म्हणजे मिशनच्या शाळेतील इतिहासाचा तास, आणि तो घेऊ इच्छिणारा एक तरुण अभ्यासक.

हा तरुण उदगीरकडचा. ख्रिस्ती कुटुंबातला. मराठवाड्यातील प्राचीन व्यापारी मार्ग ह्या विषयावर त्याने पीएच.डी. मिळविली, ‘सेट’ही तो उत्तीर्ण आहे. त्यानंतरची नऊ वर्षे त्याने निरनिराळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काढली. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असा मुलगा आहे त्यास सांगावयास नको. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. पावसाळ्यात तास आहेत, परंतु पैसे दिवाळीनंतर. अशा स्थितीत त्याने मधल्या काळात बी.एड. केले, आणि परवा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायची इच्छा आहे. नुसता इतिहास नाही. इतिहास, भाषा, साहित्य, धर्मविचार हे सगळं एकत्र. जावं का?”

त्याच्या प्रश्नाला तीन उत्तरे आधीच मिळालेली होती. महाविद्यालयातील सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, पीएच.डी. होऊन शाळेत जाणे ही उतरंड आहे. समाजातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, आमची मुले ‘नीट’ परीक्षेत उतरली पाहिजेत. तू इतिहास शिकवून काय करणार? आणि एका मित्राने सरळ विचारले की, मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचा म्हणजे प्रवचनच करायचे ना?

पहिल्या आक्षेपाचा विचार करण्याचे फारसे कारण नाही. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ साली नांदेडास स्थापन झाले ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांचे शिक्षक होते. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) पीपल्स कॉलेजात येण्यापूर्वी नांदेडच्या एका शाळेत शिकवीत, आणि इतिहासाविषयी लोकांना न रुचणाऱ्या गोष्टी भर सभेत सांगण्याची जी निर्भयता त्यांच्यापाशी होती ती प्राध्यापकपदामुळे आलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, कारण तो पोटाच्या प्रश्नातून आलेला आहे. ‘लातूर पॅटर्न’ने सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्याच्या बापाने हयातभर सालगडी म्हणून राबावे त्याची मुलगी डॉक्टर होते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ह्या यशाच्या सावलीत इतिहासाचे काय झाले? दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची प्रश्नपत्रिका असते. तिच्यासाठी शेवटच्या महिन्यात एक मार्गदर्शिका पाठ करावयाची आणि पुढे जन्मात त्या विषयाचे नाव काढावयाचे नाही, हा शिरस्ता झाला आहे. कला शाखेकडे जाणारा विद्यार्थी म्हणजे विज्ञानाला जागा न मिळालेला विद्यार्थी, असे पालकच नव्हे तर शिक्षकही बोलतात. मग हीच मुले मोठी होऊन मोबाईलवर आलेला कोणताही मजकूर इतिहास म्हणून स्वीकारतात, आणि त्यावरून शेजाऱ्याशी बोलणे टाकतात. तेव्हा आपण आश्चर्य का करावे?

तिसऱ्या आक्षेपावर मात्र थांबणे भाग आहे. मिशनच्या शाळा आणि धर्मांतर ह्यांविषयी मराठी समाजाच्या मनात जी धास्ती आहे, ती हवेतून आलेली नाही. मुंबईस १८३२ साली ज्यांनी विल्सन महाविद्यालयाचा पाया घातला ते डॉ. जॉन विल्सन मोठे विद्वान होते. गिरनारच्या अशोकलेखांच्या प्रती जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा हात होता. परंतु १८३९ साली त्यांच्या शाळेतील पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि पालकांनी भराभर आपली मुले काढून घेतली. पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत ह्याचे प्रकरण न्यायालयात गेले. त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा हिंदू समाजात घेण्यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका घरातील दोन भाऊ, आणि त्यांच्यामध्ये एक शाळा! हेच नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात, जालन्यास आले आणि निजामाच्या मुलखात सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल ही वस्ती वसविली. उपेक्षित जातींतील शेकडो माणसांना तेथे अक्षरे मिळाली, हेही त्याच इतिहासात आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगता आल्या पाहिजेत. एकच सांगणारा शिक्षक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अर्धा इतिहास शिकवितो.

आता हा तरुण ज्या प्रकारच्या शिक्षणाचे स्वप्न पाहतो ते काही आकाशातून पडलेले नाही. युरोपात येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी जो अभ्यासक्रम ठरविला त्यात व्याकरण, मानव्यविद्या आणि वक्तृत्व अशा चढत्या पायऱ्या होत्या. डोरोथी सेअर्स ह्या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ह्या जुन्या त्रयीकडे परत जावे असे सुचविले, आणि त्या विचारावर अमेरिकेत गेल्या चार दशकांत अनेक ख्रिस्ती शाळा उभ्या राहिल्या. तेथे मुले लॅटिन शिकतात, होमर नि व्हर्जिल वाचतात, आणि इतिहास हा सर्व विषयांचा कणा मानला जातो. परंतु तेथील नमुना उचलून लातुरास आणून ठेवणे म्हणजे शाळकरी मुलांना दुसऱ्याचे आजोबा आपले म्हणून दाखविणे होय. मराठी ख्रिस्ती मुलाचे अभिजात वाङ्मय कोणते? व्हर्जिल की ज्ञानेश्वर? की दोन्ही?

ह्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी नव्हे, आयुष्याने दिलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास आला; लॅटिनमध्ये मुरलेला हा मनुष्य मराठी संतकवींच्या ओवीत उतरला, आणि १६१६ साली रायतूरला त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. परंतु आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण आहे ते फादर हेन्री हेरास ह्यांचे. बार्सिलोनात १८८८ साली जन्मलेले हे स्पॅनिश जेझुइट १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकविण्यास आले. युरोपचा इतिहास शिकवीत राहणे त्यांना सोपे होते. त्यांनी वाट धरली ती हिंदुस्थानच्या इतिहासाची, आणि चारच वर्षांत, १९२६ साली, भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने चालते. १९२७ साली विजयनगरच्या आरविडु घराण्यावर त्यांचा ग्रंथ आला, १९३३ साली पल्लवांवर. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराएस ह्यांनी १९३१ साली कदंबांचा इतिहास लिहिला. सिंधू लिपी आपण वाचली, हा हेरास ह्यांचा दावा विद्वानांनी मानला नाही. ह्या बाबतीत ते वाहवत गेले असे म्हणावे लागते. परंतु चुकणे हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि विद्यार्थ्यांनी शिक्षकाला चुकताना पाहणे अपायकारक नसते. १९५५ च्या डिसेंबरात मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. १९८१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

नाताळच्या निमित्ताने हेरास ह्यांची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ख्रिस्ती कलेने भारतीय रूप घ्यावे असा त्यांचा आग्रह होता आणि गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) ह्यांना त्यांनी उत्तेजन दिले. फोन्सेकांनी मरीयेला साडी नेसविली. तेव्हा त्यांच्यावर टीका करणारे बाहेरचे कमी, घरचे अधिक होते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे, आणि ते ह्या तरुणाने विशेष मनन करावे असे आहे. ज्या विदुषीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी गौरविले, ती १८८३ साली इंग्लंडला गेली, तेथे तिने बाप्तिस्मा घेतला, आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात ती स्वतः शिकत असतानाच संस्कृत शिकवू लागली. म्हणजे एका ख्रिस्ती विद्यालयात आमची एक मराठी बाई प्राचीन विद्येची अध्यापिका होती. परंतु तिने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाई संतापल्या. धर्म स्वीकारला म्हणून बुद्धी गहाण टाकली नाही, ही त्यांची भूमिका होती. शास्त्री-पंडितांचे जे जोखड मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांच्या शारदासदनावर धर्मांतराच्या शंकेने वादळ उठले, तो इतिहास सर्वश्रुत आहे. उत्तरायुष्यात केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले; ते काम संपवूनच १९२२ साली त्यांनी डोळे मिटले. अभिजात ख्रिस्ती शिक्षण म्हणजे काय, ह्याचा शोध घेण्यास अमेरिकेत जावयाचे कारण नाही. दौंडच्या पुढे, केडगावला उतरावे.

रमाबाईंचे नाव घेतले म्हणजे खरी कसोटी कोठे आहे तेही ध्यानात येते. समजा, मिशनच्या शाळेत नाताळच्या आधीच्या आठवड्यात इतिहासाचा तास चालू आहे आणि नववीतील एखाद्या चलाख मुलीने उठून विचारले: सर, लूकच्या शुभवर्तमानात खानेसुमारी झाली तेव्हा क्विरीनिय सुभेदार होता असे आहे, आणि मत्तयात येशूच्या जन्मी हेरोद राजा जिवंत आहे, मग हे जुळते कसे? प्रश्न अगदी रास्त आहे. हेरोद इसवी सनापूर्वी ४ साली वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि योसेफस ह्या यहुदी इतिहासकाराच्या लेखनावरून क्विरीनियाची खानेसुमारी इसवी सन ६ मध्ये येते. मध्ये सुमारे नऊ वर्षांचे अंतर पडते. शिवाय २५ डिसेंबर ही तारीख चारही शुभवर्तमानांत नाही. ती रोममध्ये पाळली जात असल्याचा पुरावा चौथ्या शतकातला आहे. शिक्षकाने काय करावे? “असले प्रश्न विचारू नयेत” असे म्हणून त्या मुलीला खाली बसवावे, की फळ्यावर दोन्ही साली लिहून “इतिहासाला एवढे ठाऊक आहे, श्रद्धा कशावर उभी असते ते तुमचे तुम्ही घरी आणि उपासनेत विचारा” असे सांगावे? ज्या शाळेत दुसरे करता येईल त्याच शाळेत ह्या तरुणाने जावे. ज्या शाळेचे चालक ह्या फळ्यावरील दोन आकड्यांना घाबरतील त्यांनी अभ्यासक नेमू नये. त्यांना पाठांतर करून घेणारा पुरे.

ही कसोटी केवळ ख्रिस्ती शाळांना लावण्याची नाही, हे सांगावयास हवे. मठाच्या, मदरशाच्या, गुरुद्वाराच्या किंवा एखाद्या धर्मनिष्ठ मंडळाच्या शाळेतही मुले असे प्रश्न विचारतातच, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना खाली बसविले जाते. आपल्या राज्यघटनेने अल्पसंख्याकांना कलम ३० अन्वये शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार दिला, आणि कलम २८ ने मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतील कोणत्याही मुलाला त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविण्यास मनाई केली. ह्या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तीच इतिहासाच्या तासाची जागा आहे. तेथे येशूविषयी शिकता येते, वारीविषयी शिकता येते, गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडलाच देह का ठेवला हेही शिकता येते. परंतु कोणाला कोठे ओढावयाचे नसते.

आणि शिकवावयास आमच्याकडे काय नाही? त्या तरुणाच्याच विषयाकडे वळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्यात तो लिहितो की, भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीक-गोमेद येतो आणि तगरहून साधे कापड व मलमल, गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. हे तगर म्हणजे लातूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, संत गोरोबाकाकांचे तेर. ज्या मातीत गोरा कुंभाराने विठ्ठलाचे नाम घेत चिखल तुडविला, त्याच मातीच्या खालच्या थरांतून रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके निघाली. तेथील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी इतकी मिळतीजुळती आहे की पाहणारा थक्क होतो. जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही तशीच मूर्ती मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच तिकडे पोहोचली होती. तेरच्या ह्या वस्तू गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी हौसेने जमविल्या आणि पुढे त्यांचे शासकीय वस्तुसंग्रहालय झाले. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

वाचकहो, जरा विचार करा. ज्या रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, बेथलेहेमच्या गव्हाणीत एक मूल जन्मले, त्याच साम्राज्याच्या बाजारात काही दशकांनी आमच्या तगरचे कापड जात होते. लातूरच्या मिशन शाळेतील मुलांना रोम शिकविण्यासाठी प्रथम इटलीचा नकाशा कशाला हवा? तेरला नेऊन त्यांच्या डोळ्यांपुढे एक पदक धरावे. तेथून सातवाहन, तेथून ऑगस्टस, तेथून शुभवर्तमान, आणि संध्याकाळी परत येताना गोरोबांच्या समाधीपाशी बसून संतवाणी. एका दिवसात इतिहास, भूगोल, साहित्य आणि धर्मविचार एकत्र येतात; त्यांचे वेगवेगळे तास पाडले ते आपण.

मी त्या तरुणाला म्हटले, “जा.” पगार महाविद्यालयाच्या स्वप्नापेक्षा कमी असेल आणि पहिली काही वर्षे पालक विचारतील की ह्या शिक्षकाने परीक्षेसाठी काय केले, त्याचे उत्तर गुणपत्रिकेतच द्यावे लागेल, ही व्यावहारिक गोष्ट त्याने विसरू नये. ४० पैकी ३८ मिळविणाऱ्या मुलांच्या शिक्षकाला तेरची सहल काढण्यास कोणी अडवीत नाही. मात्र शाळेला भेटावयास जाण्यापूर्वी त्याने चालकांना एक गोष्ट स्पष्ट विचारावी, ती म्हणजे फळ्यावरील त्या दोन सालांविषयी. आणि तेरला जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे शाळेने द्यावे, एवढी एक अट घालावी.

त्याने ती अट अर्जातच लिहिली आहे. मुलाखत नाताळच्या सुटीनंतर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे.